जुना उजेड

परगावी राहणाऱ्या माणसाला दिवाळीत घरी जाताना एक विचित्र खोड लागलेली असते. गाव जवळ येऊ लागले, की खिडकीबाहेर जे दिसते ते तो पाहत नाही. जे दिसायला हवे होते ते शोधू लागतो. इथे एक चिंचेचे झाड होते, ते कुठे गेले? इथे रस्ता वळत असे, तो सरळ कोणी केला? माझे असेच होते. नाशिकहून दिंडोरी, वणी करीत एस. टी. नांदुरीशी आली आणि सप्तशृंगीचा तो उभा कडा नजरेस पडला, म्हणजे माझ्या अंगात एकोणीस वर्षांचा एक मुलगा संचारतो आणि साऱ्या कळवण तालुक्याकडे हिशेब मागत सुटतो. गावाने बापड्याने काय करावे? मी परत येईपर्यंत चाळीस वर्षे त्याने जागच्या जागी उभे राहावे, असा काही करार झालेला नव्हता.

गेल्या दिवाळीत या खोडीची मला चांगलीच लाज वाटली. ती कशी, हे सांगायचे म्हणजे आधी घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आणि नंतर वाचकांना माझ्याबरोबर बरेच लांब, म्हणजे कोट्यवधी वर्षे लांब, यावे लागेल. फराळाचे ताट पुढे असताना एवढा प्रवास करायला लावतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आम्ही दोघे भाऊ. मी थोरला. शिकलो, पुण्यात नोकरीला लागलो आणि तिथलाच झालो. धाकटा घरी राहिला आणि वडिलांबरोबर शेती पाहू लागला. माझ्या नोकरीला दोन-तीन वर्षे झाली असतील, तेव्हा विहिरीवर विजेची मोटार बसवायचे ठरले. मी पगारातले शिलकीचे आणि मित्राकडून उसने घेतलेले, असे मिळून पैसे पाठवले. मोटार काही आली नाही. धाकट्याचे वय तेव्हा बावीस. पैसे पत्त्यांत गेले आणि सोबत्यांबरोबर हिंडण्यात गेले. त्या उन्हाळ्यात वडिलांनी उभा ऊस डोळ्यांदेखत वाळताना पाहिला. भावाने काही नाकारले नाही. मान खाली घालून तो ओट्यापाशी उभा राहिला. ही गोष्ट जशी घडली तशीच सांगितली आहे. तिच्यात मी पदरचे काही घातलेले नाही.

त्याला आता चौतीस वर्षे होऊन गेली. गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी भावाने माझ्यापुढे एक कागद ठेवला. कांद्याची नवी चाळ बांधायची होती, शेततळ्याला कागद अंथरायचा होता, आणि त्यासाठी कर्ज काढायचे होते. सातबाऱ्यावर माझेही नाव आहे, तेव्हा माझी संमती हवी. कागद जेमतेम चार ओळींचा. मी चष्मा पुसला, तो वाचला, पुन्हा चष्मा पुसला आणि म्हणालो, "बघू. दिवाळी होऊ दे."

भाऊ "बरं" म्हणाला आणि गोठ्याकडे गेला.

मी का टाळले? कर्जाचा हिशेब मला उमगत नव्हता, असे नव्हे. सारी हयात आकडेमोडीतच गेली आहे. खरे कारण निराळे होते. कागद पुढे करणारा तो हात छपन्न वर्षांच्या शेतकऱ्याचा आहे, नांगर, बैल आणि विळा यांनी राठ केलेला आहे, हे मला दिसलेच नाही. मला दिसला तो पत्ते पिसणारा बावीस वर्षांच्या पोराचा हात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पूजा आटोपली, मुलांचे फटाके संपले आणि नेहमीप्रमाणे वीज गेली. आमचे घर गावाबाहेर मळ्यात आहे. वाऱ्याने कठड्यावरच्या पणत्याही एकेक करून विझल्या. मी गच्चीवर गेलो, तो पुतणी आधीच तिथे उताणी पडून आकाश पाहत होती. ती नाशिकला पदार्थविज्ञान घेऊन शिकते. अवसेची रात्र, खाली काळोख आणि वर चांदण्यांची अशी गर्दी, की पुण्यात इतकी वर्षे काढलेल्या माणसाला क्षणभर गुदमरल्यासारखे व्हावे. पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आला होता.

"मोठे बाबा, त्या कृत्तिका आहेत ना, तो उजेड सुमारे चारशे चाळीस वर्षांपूर्वीचा आहे," ती म्हणाली.

मी मनाशी हिशेब केला. म्हणजे हा प्रकाश तिकडून निघाला तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून चाळीस-पंचेचाळीस वर्षे अवकाश होता! मग तिने डोक्यावर जवळजवळ मध्यभागी एक पुसट पांढुरका ठिपका दाखवला. ती देवयानी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा एक प्रचंड समुदाय. तिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वीचा. नुसत्या डोळ्यांनी माणसाला साधारणपणे एवढेच लांबचे दिसते.

"आणि आज तिथं काय असेल?" मी विचारले.

"ते कसं कळणार? ती आज कशी आहे ते कुणालाच दिसत नाही. जी होती तीच दिसते." आणि मग, वर्गात सरांनी सांगितलेले आठवून असेल, ती म्हणाली, "म्हणून खगोलवाले 'आहे' म्हणताना जपून म्हणतात."

एवढे बोलून ती खाली गेली. तिच्या आईने हाक मारली होती. मी मात्र त्या वाक्यापाशी अडकून पडलो. पुण्याला परत आल्यावरही ते डोक्यातून जाईना, म्हणून या विषयावरचे जे जे हाती लागले ते वाचून काढले. त्यातले थोडे इथे सांगतो.

पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत नारायणगाव लागते. तिथून आत खोडद म्हणून गाव आहे. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पण गाडी कधी आत वळवली नाही. तिथे शेतमळ्यांच्या मधोमध तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकेकीचा व्यास ४५ मीटर, एकूण तबकड्या ३०. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या टापूत पसरलेल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही रेडिओ दुर्बीण. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी करून दाखवली. जाड पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर विणलेली तारांची हलकी जाळी वापरायची, म्हणजे वारा तिच्यातून निघून जातो आणि खर्चही आटोक्यात राहतो, ही युक्ती त्यांचीच. आपल्याकडच्या माणसाने आपल्या ऐपतीत जगातली एक मोठी वस्तू घडवली, हे वाचून ऊर भरून येतो.

ही दुर्बीण डोळ्यांना दिसणारा प्रकाश टिपत नाही. प्रकाशाचेच भावंड असलेल्या, पण फार लांब लांब असलेल्या रेडिओलहरी ती टिपते. आकाशात काही दीर्घिका अशा आहेत, की डोळ्यांना त्या दिसतील न दिसतील. पण या लहरींत मात्र त्या धडधडून पेटलेल्या असतात. त्यांच्या पोटात एक कृष्णविवर असते, आपल्या सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाचे. भोवतालचा वायू त्यात ओढला जातो आणि त्या धुमश्चक्रीत दोन विरुद्ध दिशांना दोन झोत सुटतात. ते दीर्घिकेच्या बाहेर लाखो प्रकाशवर्षे जातात आणि तिथे दोन अवाढव्य ढग फुगवतात. या दीर्घिकांना रेडिओ दीर्घिका म्हणतात. असे दोन बाजूंना दोन ढग असतात, हे १९५३ साली इंग्लंडात ज्या दोघांनी प्रथम दाखवले, त्यांतले एक मृणाल कुमार दासगुप्ता हे आपले बंगाली संशोधक होते.

खोडदच्या दुर्बिणीने दोन मीटर लांबीच्या लहरींत जवळजवळ नव्वद टक्के आकाश धुंडाळले आणि त्यातून सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी तयार झाली. आता या सहा लाखांत फार फार दूरचे कोण, हे कसे ओळखायचे? त्यालाही एक खूण आहे. जी दीर्घिका खर्जात बुलंद आणि वरच्या पट्टीत अगदी क्षीण, ती बहुधा दूरची. नेदरलँड्समधील लायडन येथे शिकणाऱ्या आयुष सक्सेना या तरुण संशोधकाने सहकाऱ्यांसह अशा निवडक स्रोतांचा पाठपुरावा केला. त्यांतल्या एकाकडे हवाई बेटावरच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा त्याच्या प्रकाशातली रेषा तांबड्या बाजूला इतकी सरकलेली आढळली, की २०१८ साली ती तोवर सापडलेल्यांत सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका ठरली. त्या मोजणीप्रमाणे तिचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम १०० कोटी वर्षांचे होते. आज ते सुमारे १,३८० कोटी आहे. म्हणजे त्या हिशेबाने हा प्रकाश वाटेला लागून सुमारे आठशे कोटी वर्षे झाल्यावर मग कुठे आपली पृथ्वी जन्माला आली.

इतक्या लांबची ती दीर्घिका! पण तिच्याविषयी लिहिणाऱ्या या मंडळींची एक गोष्ट मला फार आवडली. तिचे अंतर सांगताना ते तिचे वयही सांगतात. प्रकाशाची रेषा किती सरकली, हा त्यांचा पहिला प्रश्न, कारण त्यावरूनच पाहिलेल्या वस्तूवर काळाचा शिक्का बसतो. तो शिक्का बसल्याशिवाय तिच्याविषयी पुढचे बोलणे व्यर्थ. आपण पाहतो ते केव्हाचे, हे आधी. ते कसे, हे नंतर.

कोणी म्हणेल, की एकेका दीर्घिकेचा एकेकच क्षण दिसतो, तर मग दीर्घिका लहानाच्या मोठ्या कशा होतात हे या लोकांना कळते कसे? चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर जत्रा भरते. खानदेशातून माणसे उन्हातान्हात पायी चालत येतात. समजा, दुसऱ्या कुठल्या लोकातला एखादा पाहुणा फक्त एक तासभर त्या पायऱ्यांपाशी उभा राहिला. तासाभरात एकही मूल त्याच्यासमोर मोठे होणार नाही, एकही तरुण म्हातारा होणार नाही. पण कडेवरची पोरे, धावत पायऱ्या चढणारी मुले, नवी जोडपी, कंबरेवर हात ठेवून दम खाणारी म्हातारी माणसे, हे सारे पाहून तो शहाणा असेल तर माणसाच्या आयुष्याची गोष्ट जुळवील. खगोलशास्त्रज्ञ हेच करतो. जवळच्या दीर्घिका म्हणजे आजच्या, दूरच्या म्हणजे पूर्वीच्या; त्या ओळीने लावायच्या आणि गोष्ट वाचायची.

ती गोष्ट थोडक्यात अशी, की विश्व लहान होते तेव्हा दीर्घिका दाटीवाटीने होत्या, वायू मुबलक होता आणि अनेक थोर दीर्घिकांच्या पोटातली कृष्णविवरे आधाशासारखी तो गिळत होती. म्हणून त्या काळात पेटलेल्या रेडिओ दीर्घिका आजच्यापेक्षा कितीतरी अधिक. पुढे त्या झोतांनीच भोवतालचा वायू तापवून उधळून लावला आणि नवे तारे घडण्याची गती मंदावली. त्या काळच्या या भडकलेल्या दीर्घिकाच पुढे आजच्या मोठमोठ्या, शांत, लंबगोल दीर्घिका झाल्या असाव्यात, असे मानतात. दीर्घिकांच्या एखाद्या मोठ्या कुटुंबाच्या मध्यभागी कर्त्या माणसासारखी जी बसलेली दिसते, तिचे तारुण्य कदाचित असे उधळ्याचे गेलेले असते. हे वाचताना मला कोणाची आठवण झाली, हे सांगायला नको.

पण विश्वाला बाल्य आणि तारुण्य असते, ते बदलते, हेही कोणी सहजासहजी मान्य केलेले नाही. १९४८ साली फ्रेड हॉइल, बोंडी आणि गोल्ड यांनी मांडले, की विश्व सर्व काळी सारखेच आहे. ते पसरते खरे, पण नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि एकंदर रूप तेच टिकते. हॉइल यांचे शिष्य म्हणजे आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर. मराठी घराघरांत ज्यांच्या विज्ञानकथा वाचल्या गेल्या, त्या नारळीकरांनी ऐन विशीत या स्थिर विश्वाची बाजू हिरिरीने लढवली. त्या सिद्धांतातून एक गोष्ट सरळ निघत होती. विश्व सदा सारखे असेल तर दूरच्या, म्हणजे पुरातन, दीर्घिका आणि जवळच्या दीर्घिका यांत फरक दिसता कामा नये. केंब्रिजचे मार्टिन राईल रेडिओस्रोत मोजून सांगत होते, की फरक आहे. त्या मोजणीवर वर्षानुवर्षे वाद झाला.

पुढे स्वरूप यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभारली. ती १९७० साली पुरी झाली. तिथे त्यांनी आणि विजय कपाही यांनी चंद्राचाच अंतरपाट केला. चंद्र एखाद्या रेडिओस्रोतावरून सरकताना तो कसकसा झाकला जातो, यावरून त्या स्रोताचा आकार नेमका काढता येतो. असे शेकडो स्रोत मोजून १९७५ साली त्यांनी दाखवले, की क्षीण स्रोतांचे आकार बदलत्या विश्वाशी जुळतात, स्थिर विश्वाशी जुळत नाहीत. त्याआधी १९६५ साली विश्वाच्या उष्ण आरंभाची खूण मानली जाणारी लहरींची पार्श्वभूमीही सापडली होती. बहुतेकांनी बदलते विश्व स्वीकारले. नारळीकरांनी १९९३ साली हॉइल आणि बर्बिज यांच्यासह आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला आणि रूढ मताला प्रश्न विचारणे सोडले नाही. आज दोघेही नाहीत. स्वरूप २०२० साली गेले, नारळीकर २०२५ साली. त्यांनी उभारलेल्या संस्था मात्र पुणे विद्यापीठाच्या एकाच आवारात शेजारीशेजारी आहेत. मते निराळी, कुंपण एक. आपल्या वाड्यांत आणि वस्त्यांत असे किती ठिकाणी दिसते?

हे सारे वाचले तेव्हा माझे मलाच कळून चुकले, की भावाच्या बाबतीत मीही स्थिर विश्वाचा पुरस्कर्ता होतो. जसा तेव्हा, तसाच आता, तसाच पुढे. पण माझ्यात आणि नारळीकरांत एक फरक होता, आणि तो माझ्या बाजूने बोलणारा नाही. त्यांचा सिद्धांत असा मांडलेला होता, की आकाशाकडे पाहून कोणालाही तो तपासता यावा, खोडून काढता यावा. मी माझा सिद्धांत कधी तपासायलाच दिला नाही. कारण तपासायचे म्हणजे पाहावे लागले असते.

आणि पाहण्यासारखे पुष्कळ होते. माझी आई शेवटची आठ वर्षे अंथरुणाला खिळून होती. तिला उचलून उन्हात बसवायचे, भरवायचे, रात्री तीनदा उठायचे, हे सारे ज्याने आणि ज्याच्या बायकोने केले, तो हाच. मी दर महिन्याला पैसे पाठवीत होतो आणि वर्षातून दोनदा, दोन-दोन दिवस, येत होतो. वडिलांच्या मागे त्याने कर्ज फेडले, ठिबक बसवले, कांद्याचा भाव कोसळला त्या वर्षांत घर सावरले. हे मला ठाऊक नव्हते काय? सारे ठाऊक होते. पण ते नुसतेच कानावर पडलेले ज्ञान होते. मनात जो दिसत होता, तो चौतीस वर्षांपूर्वीच्या उजेडात ओट्यापाशी मान घालून उभा असलेला पोरगा. माझे पाहणे खोटे नव्हते. ते जुने होते. आणि जुने पाहणे आजचे म्हणून चालवणे हा एक प्रकारचा खोटेपणाच आहे.

दीर्घिकेच्या बाबतीत माणसाचा नाइलाज आहे. प्रकाशापेक्षा जलद निरोप सृष्टीत नाही. जे दिसते त्याहून ताजे मिळणारच नाही. तरीही ते लोक जपून बोलतात. माझ्या भावाची ताजी खबर एका दिवसाच्या एस. टी.च्या प्रवासावर होती, आणि मी मात्र बेधडक 'तो तसाच आहे' म्हणत होतो. तिथले अज्ञान सृष्टीने लादलेले आहे. माझे मी हौसेने पाळले होते.

यावर एक रास्त आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्याने एकदा फसवले त्याचे विसरून जावे काय? विसरभोळेपणाला क्षमा म्हणणारे लोक स्वतः तर बुडतातच, पण दुसऱ्यालाही बुडवतात. बायकामाणसांनी तर 'आता तो सुधारला असेल' या एका आशेवर जन्म जाळलेले आपण पाहिले आहेत. हे खरे आहे. पण खगोलशास्त्रज्ञ जुना उजेड टाकून देत नाही. त्याच्याजवळ दुसरे आहे तरी काय? तो त्यावर तारीख घालतो, एवढेच. 'अमक्या वर्षी याने माझे पैसे उडवले', हे वाक्य मला पुसायचे नाही. 'हा पैसे उडवणारा आहे', हे वाक्य म्हणण्याचा अधिकार मात्र मला पुन्हा पाहिल्यावाचून नाही. पुन्हा पाहिल्यावर तो तसाच आढळेल, असेही होईल. मग खुशाल कागद परत करावा. न्याय करायचा तो आजच्या माणसाचा करावा, म्हणजे कठोर व्हायचे झाले तरी मन साफ राहते.

रेडिओ दीर्घिकांची आणखी एक गोष्ट आहे. कधी कधी पोटातले इंजिन थांबते, झोत बंद पडतात. पण बाहेर फुगलेले ते दोन ढग पुढे कितीतरी काळ मंद मंद धुमसत राहतात. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, अजून आत जाळ आहे. घराघरांतली भांडणे अशीच नसतात काय? कारण केव्हाच विझलेले असते. ज्यांच्यात बिनसले त्यांतले एखादे माणूसही गेलेले असते. आणि अबोला मात्र दोन बाजूंना दोन ढगांसारखा तरंगत असतो. मुले विचारतात, "त्यांच्याकडे का जायचं नाही?" आणि कोणालाच नीटसे सांगता येत नाही.

जुना उजेड नेहमी अन्यायच करतो असेही नाही. कधी तो फाजील दयाही करतो. विशीत मला अनारसे फार आवडत. एका बैठकीला डझनभर संपवीत असे. आता मला मधुमेह आहे. तरी दर दिवाळीला भावाची बायको माझ्यासाठी वेगळा डबा भरून ठेवते आणि म्हणते, "दादांचे अनारसे आहेत, कोणी हात लावू नका." तिच्या घरात मी अजून अनारसे खाणारा, पहिला नंबर काढणारा, घरासाठी पैसे पाठवणारा थोरला आहे. आईच्या आजारपणात दोन दिवसांनी घड्याळ पाहू लागणारा मी, त्यांच्या आकाशात अजून उगवलेलोच नाही. त्यांनी जर मला आजच्या उजेडात पाहिले असते, तर संमतीचा कागद माझ्यापुढे ठेवताना त्यांचाच हात थबकला असता.

पण हे सगळे वाचन आणि चिंतन नंतरचे. त्या रात्री गच्चीवर माझ्याजवळ पुतणीचे ते एक वाक्यच होते. खाली अंगणात कंदील घेऊन कोणीतरी गोठ्याकडे चालले होते. पाठ थोडी वाकलेली, पाय जरा फेंगडा टाकणारा. मला वाटले, वडीलच. वडील जाऊन वीस वर्षे झाली आहेत. तो माझा धाकटा भाऊ होता. केस पिकलेले आहेत हे मला ठाऊक होते. पण तो म्हातारा होऊ लागला आहे, हे मी त्या कंदिलाच्या उजेडात प्रथम पाहिले. तो उजेड ताजा होता. वीस-पंचवीस हातांवरचा.

पाडवा झाला. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मीच कागद मागितला. भावाने तो कपाटातून काढून आणला, लेखणी दिली आणि समोर उकिडवा बसला.

"दादा, नीट वाचून सही कर," तो म्हणाला. "पुन्हा तुला वाटायला नको."

मी वाचला, सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने तो उचलला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि पुन्हा माझ्यापुढे ठेवला.

"तारीख राहिली की," तो म्हणाला.

मी तारीख घातली.